कोठीची किल्ली

सांगलीत माधवनगर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि मुलाकडच्यांच्या हट्टापायी चक्क पंगत होती. लांबलचक टेबलं, त्यांवर अंथरलेला पांढरा कागद, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवलेले पाण्याचे जग. माझ्या शेजारी आत्या. मीठ-लिंबू झालं, कोशिंबीर झाली, मसालेभाताची मूद पडली, आणि जिलब्यांचं ताट घेऊन तो आला. पांढरा शर्ट, खांद्यावर पंचा, कानशिलापाशी पिकलेले केस. मी ओळखलं. त्यानंही ओळखलं, आणि न विचारता दोन जिलब्या जास्त वाढल्या. आत्यानंही ओळखलं. तिनं त्याच्या बाजूच्या मांडीवरची पर्स उचलून माझ्या बाजूच्या मांडीवर ठेवली आणि वरून पदर घेतला. मग जिलबीचा तुकडा तोंडात टाकून, "छान झालीय हो, आंबटसर," असंही म्हणाली. पर्सचा तो प्रवास त्यानं पाहिला होता. "अजून घ्या की," म्हणाला आणि पुढच्या पानाकडे सरकला.

आत्याचा राग यावा असं काही नव्हतं. आमच्या खणभागातल्या जुन्या बोळात, मागच्या परसात ठेवलेला तिचा तांब्याचा बंब एका रात्रीत नाहीसा झाला होता. तिच्या लग्नातला, सासरच्या नावाची अक्षरं कोरलेला. तो यानंच नेला, हे पुढं पोलीस ठाण्यात त्यानं कबूल केलं, पण तोवर त्याचं मोडीत तांबं झालं होतं. आत्या त्या दिवशी रडली नव्हती, चूल पेटवून त्यावर पातेलंभर पाणी तापवत बसली होती. ते पातेलं मला आठवतं, म्हणून पर्सबद्दल मी तिला काही बोलले नाही. मला खटकलं ते नंतरचं. जेवणं आटोपून आम्ही हात पुसत बाहेर आलो, तर पुढच्या सोफ्यावर एक गृहस्थ बसले होते. फेटा, गुलाबपाणी, दोन्ही बाजूंना माणसं. बुडालेल्या एका पतसंस्थेचे माजी संचालक. आत्याची ठेव त्याच पतसंस्थेत अडकली होती, तिच्या आयुष्यभराच्या शिलाईची. आत्या थांबली, पदर सारखा केला, वाकून नमस्कार केला आणि, "तब्येत बरी आहे ना साहेब?" असं विचारलं. पर्स तेव्हा तिच्या हातात नुसती लोंबत होती.

त्या ठेवीत तसले पन्नास बंब आले असते.

मी समाजशास्त्र शिकवते. गुन्हेगारीवरचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडे आहे, फळ्यावर त्याच त्या नावांखाली त्याच त्या रेघा ओढून झाल्या आहेत. पण त्या रात्री घरी येऊन साडीची घडी घालताना जाणवलं, की शिकवताना माझ्या डोळ्यांपुढं कायम हाच मुलगा असतो. बोळातला शेवटचा दरवाजा त्यांचा. वडील ट्रकवर, म्हणजे बहुतेक नसायचेच, आणि असायचे तेव्हा नसते तर बरं असं वाटायचं. आई मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात कामाला. संध्याकाळी ती बोळात शिरली की आधी वास यायचा, कच्च्या हळदीचा, जरासा मातकट, नाकात चढणारा. कोपरापर्यंत हात पिवळे, पायाच्या भेगा पिवळ्या, पोलक्याच्या बाह्या पिवळ्या. आम्ही मुली तिला ‘रोजची नवरी’ म्हणून हसायचो, लहान मुलं हसतात तसं, निर्दयपणे. तो तेव्हा सातवी-आठवीत असेल. आधी नळाच्या पितळी तोट्या जायला लागल्या. मग टॉकीजबाहेरच्या सायकली. मग बंब. मग मोटारसायकली, आणि आता एकट्यानं नव्हे.

बोळात प्रत्येकीकडे त्याचं उत्तर होतं. "बाप तसला, पोरगं काय होणार?" "संगत हो संगत, त्या पुलाखालच्या पोरांची." "आई दिवसभर बाहेर, बघायला कोण आहे?" "अहो, त्याला बूट पाहिजेत, गाडी पाहिजे, आणि खिशात दमडी नाही." पुढं एम. ए.ला पुस्तकं उघडली तेव्हा मला हसूच आलं. एडविन सदरलँडनं १९३९ मध्ये मांडलेला आणि १९४७ मध्ये पक्का केलेला सिद्धान्त म्हणजे आमच्या शेजारणीची संगत: गुन्हा रक्तातून येत नाही, जवळच्या माणसांत राहून शिकला जातो, त्याचं तंत्रही आणि त्याची सबबही. रॉबर्ट मर्टननं १९३८ मध्ये सांगितलं ते बूट आणि गाडी: समाज सगळ्यांना एकच स्वप्न विकतो, तिथं पोचायचा सरळ रस्ता मात्र काहींनाच देतो, आणि उरलेल्यांतले काही जण आडवाट धरतात. शिकागोच्या क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शहराचे नकाशे काढून दाखवलं, की काही वस्त्यांत राहणारी माणसं बदलत गेली, एका देशातून आलेली गेली आणि दुसऱ्या देशातली आली, तरी गुन्ह्यांचं प्रमाण त्याच वस्त्यांत चढं राहिलं. आणि १९६९ मध्ये ट्रॅव्हिस हर्शीनं प्रश्नच उलटा केला. लोक गुन्हा का करतात हे सोडा, बाकीचे का करत नाहीत ते बघा. त्याचं उत्तर: बांधलेले असतात म्हणून. घराशी, शाळेशी, उद्याच्या नोकरीशी, चार माणसांच्या मताशी. "बघायला कोण आहे?" हेच ते. आमच्या बोळातल्या बायकांनी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, तळटीपा तेवढ्या नव्हत्या.

पण एक गोष्ट त्या बायकाही टाळायच्या आणि पुस्तकंही जरा घाईनं ओलांडतात. त्याला एक थोरला भाऊ होता. तेच वडील, तीच पिवळ्या हातांची आई, तोच पूल आणि पुलाखालची तीच पोरं. तो आयटीआय करून वायरमन झाला, आता विश्रामबागेच्या पलीकडे त्याचं स्वतःचं घर आहे. वर्गात एखादी हुशार मुलगी हमखास हा प्रश्न विचारते आणि मी डेव्हिड मॅत्झाकडे वळते. मॅत्झाचं म्हणणं असं, की बहुतेक पोरं गुन्ह्याला वाहून घेत नाहीत, ती वाहत असतात. कधी या काठाला लागतात, कधी त्या. चांगलं-वाईट त्यांना आपल्याइतकंच कळतं. म्हणून तर चोरी करण्याआधी त्यांना स्वतःला काहीतरी सांगावं लागतं. मॅत्झा आणि ग्रेशम साइक्स यांनी १९५७ मध्ये या सांगण्याचे पाच प्रकार नोंदवले: माझ्या हातात नव्हतं, कुणाचं काही बिघडलं नाही, त्याची तीच लायकी होती, बोलणारे तरी कुठले साव, आणि मित्रांसाठी करावं लागलं.

हे पाच प्रकार शिकवायला मला अमेरिका लागत नाही. रात्री येरळेच्या पात्रातून ट्रॅक्टर भरून वाळू उपसणाऱ्याला विचारा: नदीनं आणली, नदी परत आणेल, कुणाचं काय गेलं? तारेवर आकडा टाकून मोटार चालवणाऱ्याला विचारा: दिवसा लाइट देत नाहीत, मग आम्ही काय करायचं? आणि उसाच्या गाडीबरोबर काट्यापर्यंत गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्यासमोर चोरीचा विषय काढा, काटामारीवर तासभर ऐकायला मिळेल. ते खोटं असतं असंही नाही. वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची, त्यामुळे या तासाला हशा भरपूर होतो आणि मग हळूहळू शांतता होते, कारण प्रत्येकाला घरातलं कुणीतरी आठवलेलं असतं. सदरलँडनंच १९३९ च्या आपल्या अध्यक्षीय भाषणात पांढरपेशा गुन्ह्याचा विषय काढला होता. गुन्हेगारीचं शास्त्र फक्त गरिबांच्या चोऱ्या मोजतं, इस्त्रीच्या कपड्यांतल्या मोजतच नाही, असा त्याचा रोख होता. मला तो सोफा आठवतो आणि गुलाबपाणी.

गुन्हेगार ठरवतं कोण, या प्रश्नात तर आपला मुलूख मुरलेला आहे. २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या किल्ल्यातला तुरुंग फोडून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पळाले. गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले, दादांना खांद्यात गोळी लागली. तेव्हाच्या सरकारी कागदांत ते फरारी आरोपी. पुढं तेच राज्याचे मुख्यमंत्री. १९४३ च्याच जूनमध्ये शेणोलीला पत्री सरकारच्या, म्हणजे साताऱ्यातल्या भूमिगतांच्या प्रतिसरकारच्या, लोकांनी सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडवली, आणि १९४४ च्या एप्रिलमध्ये तिकडं खानदेशात चिमठाण्याजवळ खजिना लुटला. सरकारच्या लेखी दरोडे. कुंडलच्या, वाळव्याच्या घरांत अजून त्या आठवणी मान ताठ करून सांगतात. त्याच पत्री सरकारनं गावोगावच्या भुरट्या चोरांना आणि गावगुंडांना वठणीवरही आणलं, हे विशेष. हॉवर्ड बेकर १९६३ मध्ये म्हणाला, की एखादं कृत्य मुळातच गुन्हा नसतं, नियम करणारे ते तसं ठरवतात आणि शिक्का ज्याच्यावर बसतो तो ‘बाहेरचा’ होतो. हे सातारा-सांगलीच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. फक्त एक सावधगिरी मी वर्गात बाळगते. बंब चोरणारा क्रांतिकारक नव्हता. आत्यानं चुलीवर पाणी तापवलं, ते कुणाच्या शिक्क्यामुळे नव्हे.

शिक्का मात्र खरा असतो, आणि कधी कधी जन्माआधीच तयार असतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढं १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत पोचला आणि पोटातल्या पोरासकट जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या. हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण परवा-परवापर्यंत आमच्याकडे कुठं घरफोडी झाली की पहिली गाडी गावाबाहेरच्या पालांकडेच वळायची. पारध्याच्या पोरानं शाळेत पेन्सिल शोधली तरी चारजण आपापली कंपासपेटी चाचपतात. आत्याच्या पर्सचा प्रवास तिथं वर्षानुवर्षं, रोज, सगळ्या वर्गाकडून होतो, आणि त्या पोरानं कुणाचा बंब नेलेला नसतो.

असो. मला बोलायचंय ते वेगळंच. तो बिघडला का, याची उत्तरं बोळभर होती. तो थांबला का, हे मात्र आजवर कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा परीक्षेत नेहमी पहिला प्रश्नच काढत आले, दुसरा कधीतरी टिपा लिहामध्ये.

आपल्याकडे बिघडण्याच्या तारखा असतात. गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, अटकेची तारीख, पेपरातला फोटो. थांबण्याला तारीखच नसते. ज्या दिवशी चोरी केली नाही त्या दिवसाची नोंद कोण आणि कशात करणार? अमेरिकेतल्या अभ्यासकांनाही ही अडचण आली, आणि त्यातून बाहेर पडायला त्यांना एक तळघर सापडलं. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्यानं बोस्टनमधल्या ५०० गुन्हेगार मुलांची आणि तशाच गरीब वस्तीतल्या पण गुन्हा न केलेल्या ५०० मुलांची वर्षानुवर्षं माहिती जमवली होती. ही मुलं १९२४ ते १९३२ च्या दरम्यान जन्मलेली. ते सगळे कागद हार्वर्डच्या कायद्याच्या ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून होते. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ते काढले, पुन्हा मांडले, आणि पुढं त्या गुन्हेगार मुलांपैकी ५२ जणांना, आता सत्तरीला टेकलेल्या म्हाताऱ्यांना, शोधून काढून त्यांच्याशी बोलले. सापडलं ते असं, की आज ना उद्या जवळपास सगळेच थांबले. कोण लवकर थांबेल आणि कोण उशिरा, हे त्यांच्या बालपणावरून सांगता येत नव्हतं. दारुड्या बापाचा मुलगाही थांबला होता. फरक पडला होता तो मधे कधीतरी लागलेल्या वळणानं: टिकलेलं लग्न, सैन्यातली भरती, हाताला जमलेलं काम. आणि बऱ्याच जणांनी ‘आता सुधारायचं’ असा निश्चय वगैरे केलाच नव्हता. कामात, घरात गुंतत गेले, आणि एका वेळी मागं वळून बघितलं तर परतायची वाट महाग झाली होती.

आमच्या बोळातल्या या पोराला वळण पोलिसांनी दिलं, असं म्हणायला मला जरा जड जातं, पण तसंच झालं. तिशीच्या अलीकडे त्याला तडीपार केलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही बंद. हर्शीच्या हिशेबानं हे उलटंच काम, कारण माणसाला धरून ठेवणारी आई, भाऊ, गल्ली सगळं एका कागदानं तोडायचं. आणि तसं होतंही. तडीपारीत बाहेर जाऊन नवी टोळी जमवून परतलेले कितीतरी. हा गेला पंढरपूरला, मावशीकडे, आणि मावशीनं आठवड्यात बाहेर काढला. मग एका आचाऱ्याच्या हाताखाली भांडी घासायला लागला. तुटली ती आईही, पण पुलाखालची पोरंही तुटली. आमच्याकडच्या विटा-आटपाडीच्या घरांना ही युक्ती फार जुनी ठाऊक आहे. पोरगं वाया जायला लागलं की त्याला गलाईला धाडतात. कुठं तमिळनाडूत, कुठं केरळात मामाचं दुकान, सोनाराच्या दुकानातला केर गोळा करायचा, मुशीत वितळवायचा, तेजाबात सोनं वेगळं करायचं. भाषा येत नाही, ओळख कुणाची नाही, आणि हातात दिवसभर सोनं. माझ्या आजोळच्या दोन-तीन व्रात्य मामेभावांचं असंच झालं. त्यातला एक आता दुकानात नवीन पोरांना ठेवताना पहिल्या दिवशी मुद्दाम मूस त्याच्याच हातात देतो म्हणे.

किल्लीची गोष्ट मला त्या जिलबी वाढणाऱ्यानंच सांगितली, लग्नाच्या त्या दिवशीच, कार्यालयाच्या मागच्या अंगणात, जिथं मोठमोठी पातेली पालथी घातली होती आणि शेगडीचा धूर अजून डोळ्यांत जात होता. आचाऱ्याचा एक पुतण्या कोठी सांभाळायचा. काजू, बेदाणे, वेलदोडे, तुपाचे डबे, केशराची डबी. पुतण्याच्या खिशातून रोज काजू जायचे. एक दिवस आचाऱ्यानं किल्ली काढून याच्या हातात दिली. "मी म्हटलं, मालक, तुम्हाला माझं ठावं हाय न्हवं? तर म्हणाले, ठावं हाय म्हणूनच देतोय. चोरीच्या वाटा तुला ठावं. त्या तूच बुजवायच्या." दया नव्हती त्यात, व्यवहार होता. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये चोरीचं साधं गणित मांडलं होतं: चोरायची तयारी असलेला माणूस, चोरण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी, तिन्ही एका जागी आली की चोरी होते. त्या कोठीत रात्री अकरा वाजता तिन्ही होती. चोरी झाली नाही. गणित चुकलं असं मी म्हणणार नाही, राखणदार तिथं होताच, तो फक्त वेगळा माणूस नव्हता. "पयल्या दिवशी रात्रभर झोप न्हाई, ताई. काजू मोजत बसलो. एक बी कमी भरला तर मीच घेतला म्हणतील. पुतण्यानं खाल्ला तरी." म्हणजे विश्वास टाकला म्हणून हृदयपरिवर्तन वगैरे नाही. निव्वळ भीती. काजू मोजायची सवय मात्र लागली ती लागली.

"आणि लग्न?" मी विचारलं. कारण आपल्याकडे सगळ्या रोगांवर ते एक औषध आहे. दोनाचे चार करा, येईल वळणावर. बोस्टनचे म्हातारेही लग्नाचं नाव घेतात. पण सॅम्पसन-लॉबनी एक गोष्ट बजावून सांगितली आहे, की नुसत्या लग्नानं काही होत नाही. नात्यात जीव असेल तर होतं, आणि तेसुद्धा सावकाश, साठत साठत. बायको वेळेचा हिशेब मागते, मित्रांना उंबऱ्याबाहेर ठेवते, संध्याकाळी घरी थांबायचं काहीतरी कारण तयार करते. हे वाचताना मला कायम आमच्याच बोळातली दुसरी एक बाई आठवते, जिच्याशी असंच एकाचं सुधारण्यासाठी लग्न लावलं होतं. तो सुधारला नाही. तिच्या गळ्यातलं गेलं, मग भांडी गेली, मग ती दोन मुलं घेऊन माहेरी गेली, आणि माहेरच्यांनीही तिलाच विचारलं, की तुला सांभाळता कसा आला नाही? सुधारण्याच्या सिद्धान्तात बायकोचं नाव वळण म्हणून येतं. तिचं काय झालं याचं खोकं कुठल्या तळघरात आहे, मला ठाऊक नाही. याची बायको मात्र खमकी. पंढरपूरच्याच कार्यालयात पोळ्या लाटायची. लग्नाआधी तिनं एकच अट घातली म्हणे: पगार माझ्या हातात.

माझं आजोळ आटपाडी, त्यामुळे ‘कैद्यांची वसाहत’ हे शब्द मी भीती न वाटता ऐकत मोठी झाले. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. १९३९ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनियरच्या कल्पनेतून, गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतींबाहेर काढून शेतावर वसवलं. फ्रीडमन गांधींच्या सहवासात आलेले, भारतानंद नाव घेतलेले. वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. शांतारामबापूंचा सहा कैद्यांचा सिनेमा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच आला आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर शेजारच्याच गावचे. सिनेमा सगळ्यांना माहीत असतो, गोष्ट तिथं संपली असं वाटतं. पण ती वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून आहे, आणि तिथली मुख्य गोष्ट सिनेमात नीटशी येत नाही: कैद्याला तिथं बायकापोरांसह राहता येतं. इकडं मर्टन आणि सदरलँड गुन्हा का घडतो याची मांडणी करत होते, नेमक्या त्याच वर्षांत माणदेशाच्या त्या खडकाळ, दुष्काळी रानात थांबण्याचा प्रयोग सुरू झाला होता. आजी तिथल्या मळ्यातली वांगी आणायची. "राबून पिकवल्यात," एवढंच तिचं त्यावर मत. खुनातल्या माणसानं पिकवलेलं वांगं भरायला तिला काही वाटत नसे. तिच्याच भावकीत बांधावरून डोकं फुटलं होतं, त्यामुळे खून करणारे वेगळ्या जातीचे असतात असा तिचा समज नव्हता. पण तीच आजी दाराशी फिरस्ती बाई आली की तांब्या आत ठेवायची, हेही सांगायला हवं.

शॅड मारुना नावाचा एक संशोधक लिव्हरपूलच्या सराईत चोरांशी बोलला. काही थांबलेले, काही न थांबलेले. त्याला दिसलं ते असं, की न थांबलेले स्वतःची गोष्ट सांगताना सगळं आधीच ठरलेलं होतं असं सांगतात. आणि थांबलेले सांगतात, की मी मुळात असा नव्हतोच, मधे एक काळ आला, आणि त्या काळानंच मला आता कुणाच्या तरी उपयोगाचं केलंय. ही गोष्ट खरी असते का? पूर्ण नसते. पण तिच्याशिवाय भागत नाही. यानंही मला असलंच काहीतरी सांगावं म्हणून मी पातेल्याच्या काठावर टेकून वाट पाहत होते. नोट्स काढायची खोडच लागलेली. "का सोडलंस रे तू ते सगळं?" मी शेवटी सरळच विचारलं. त्यानं पंच्यानं मान पुसली. "जागरण झेपंना ताई," म्हणाला. "रातच्याला पळायचं म्हणजे गुडघं लागत्यात." बऱ्याच देशांतले आकडे हेच सांगतात, की गुन्ह्यांचा चढ विशीच्या आसपास आणि मग उतार. त्यावर विद्वानांनी दशकानुदशकं वाद घातला आहे. तो एवढं बोलून कुणाला तरी तिखट आवाजात ताकाचं पिंप झाकायला सांगायला गेला.

परत आला तो काम घेऊनच. एका वसतिगृहाच्या मेसचं टेंडर निघालं होतं आणि अर्जात एक रकाना होता: आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? असल्यास तपशील जोडावा. "तुम्ही बघून द्या की, ताई. कॉलेजात आहात." पुढच्या रविवारी तो आणि बायको कागद घेऊन घरी आले. तपशील त्यानं चोख लिहिला होता, कलमांसह, सालांसह, निर्दोष सुटलेल्यांपुढं तसं लिहून. काजू मोजणाऱ्या हाताचा तो हिशेब. आत्याचा बंबसुद्धा त्यात होता, ‘तांब्याचे भांडे, १ नग’. शेवटच्या नोंदीखाली पान कोरं. मी म्हटलं, त्यानंतर काय केलंस तेही लिही. "त्यात काय लिहायचं? जेवणं केली." मी समजावत होते, की वर्तणूक म्हणजे तेवढ्या काळातलंच बघतात, तर बायको उठली, पिशवीतून पावतीपुस्तकं काढली आणि टेबलावर त्यांचा ढीग लावला. बारसं, साखरपुडा, तेरावं, सत्यनारायण, एका आमदाराच्या वाढदिवसाची बिर्याणी. तारीख, पत्ता, पानांची संख्या, आगाऊ रक्कम, बाकी. प्रत्येक पावतीवर तिची सही. काही पुरात भिजून फुगली होती, तरी शाई वाचता येत होती.

"हे सगळं जोडायचं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, सगळं जोड. एवढ्या झेरॉक्सचे किती होतील, यावर त्या दोघांचं माझ्या हॉलमध्येच वाजलं. ती म्हणत होती, दरवर्षीच्या चारच लावा, आणि तो म्हणत होता, नाही, मधला एकही महिना मोकळा दिसता कामा नये.